नजर ठेवणारी

दोर पुन्हा कमी पडला. केंड्रियाने तो भराभर आत ओढून घेतला. थंडगार, ओला दोर तिच्या पायांशी वेटोळे घालत पडला आणि होडी एका अंगाला कलली.

"केन! दोर टाक! दोर!" येसेनिया ओरडत होती.

ओहोटी लागली होती. मघापर्यंत समुद्रगवताच्या कुरणावर निवांत तरंगत पाती मोजणारी येसेनिया खाडीच्या तोंडाकडे ओढली गेली होती. वाटेत शेवंडी धरणाऱ्या कुणा कोळ्याचा लाल-पांढरा बोया तिच्या हाताला लागला, म्हणून ती तिथे थांबली होती. बोयाला तिने दोन्ही हातांनी मिठी मारली होती. तिच्या पलीकडे पाणी काळ्या खडकांवरून फेसाळत बाहेरच्या समुद्रात पडत होतं. दर लाटेला तिचं डोकं दिसेनासं होई आणि वर आलं की खोकल्याचा आवाज येई.

टोबिन कुरणाच्या दुसऱ्या टोकाला होता. तोंड पाण्यात, श्वासाची नळी तेवढी वर. केंड्रियाने गळ्यातली शिट्टी जीव खाऊन फुंकली. नळी हलली नाही.

होडीत बसून पाण्यातल्या दोघांवर नजर ठेवायची, एवढंच तिचं काम होतं. मोटरीला हात लावायची परवानगी फक्त टोबिनला होती. ती कशी सुरू करतात हे तिला ठाऊकही नव्हतं. तिने काठावर हात टेकून खाली पाहिलं. पाणी हिरवं होतं आणि फूटभर खोलीनंतर त्यात काहीच दिसत नव्हतं. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट होतं. तरी तिचे गुडघे होडीच्या तळाशी खिळल्यासारखे झाले होते.

येसेनियाचा एक हात बोयावरून सुटला.

तेव्हा केंड्रियाची नजर नांगराच्या दोराकडे गेली. होडी प्रवाहात ताणून उभी होती, नाक खाडीच्या आतल्या बाजूला, पाठ येसेनियाकडे. दोराचा उरलेला ढीग पुढच्या टोपलीत तसाच पडला होता. ती रांगत पुढे गेली, खुंटीवरचे फास सोडले, एकच वेढा ठेवला आणि दोर हळूहळू सैल सोडू लागली. होडी मागे सरकली. आणखी सोडला. हाताला चटके बसत होते. तिने मागे वळून पाहिलं, पुन्हा सोडला. मग दोर आवळून बांधला, मागच्या टोकाला धावली आणि फेकायचा दोर उचलला. या वेळी तो येसेनियाच्या खांद्यावर पडला.

टोबिन पोहत येऊन पोचला तोवर येसेनिया होडीत पालथी पडून ओकत होती आणि केंड्रिया तिची पाठ चोळत एकच वाक्य म्हणत होती, "झालं, झालं, आलीस तू, झालं."

*

संध्याकाळी जेवणघरात हॅस्केलबाईंनी ग्लासवर चमचा वाजवला. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या किनाऱ्यावरचं संशोधन केंद्र पंचवीस वर्षं चालवणाऱ्या या बाई स्तुती फारशी करत नसत. जुन्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून त्या उभ्या राहिल्या, तेव्हा शिंपल्यांचं सूप भुरकणारी सगळी उन्हाळी मंडळी गप्प झाली.

"पाण्यात कुणी अडचणीत सापडलं की माणसाला पहिली इच्छा होते ती उडी मारायची," त्या म्हणाल्या. "आणि मग एकाऐवजी दोघं जातात. हा नियम मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मला वाटतं की वेळ आली की हे कुणालाही आठवणार नाही. आज केंड्रियाला आठवला. डोकं शांत ठेवून ती होडीतच थांबली आणि होडीच येसेनियापर्यंत नेली."

टाळ्या झाल्या. कुणीतरी शिट्टी मारली. कार्यक्रमाचे संचालक फोन घेऊन उभे राहिले आणि केंड्रियाने येसेनियाच्या खांद्यावर हात टाकावा असं त्यांनी खुणेने सुचवलं. ज्यांच्या घरातलं कुणी मोठ्या विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही अशा मुलांना उन्हाळाभर खऱ्या संशोधनात घेणारा हा कार्यक्रम. त्याच्या माहितीपत्रकाला दर वर्षी नवा फोटो लागे. पुढच्या वर्षीचा कोणता असेल ते केंड्रियाला त्या क्षणी दिसलं. तिने हात टाकला आणि हसली.

नंतर हॅस्केलबाई तिच्या बाकावर येऊन टेकल्या.

"उद्यापासून बाहेरचं कुरण घेऊ. तिथे खोल आहे, पण गवत कुठे मरतंय ते तिथेच कळणार. होडीत तूच राहशील. आणि हे बघ, पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करशील तेव्हा शिफारस मी लिहीन. तू मागायची वाट बघणार नाही."

"येस मॅम."

"अगं, मरियन म्हण मला. मॅम काय!"

"येस मॅम," केंड्रिया म्हणाली. बाई हसत उठून गेल्या.

समोरचं सूप निवलं होतं. गावाहून आणलेली तिखट सॉसची बाटली तिने उघडली आणि तशीच बंद केली.

*

टोबिन मागच्या अंगणात नळीने रबरी सूट धूत होता. पाच वर्षं तो हॅस्केलबाईंच्या हाताखाली पीएच.डी. करत होता आणि या हिवाळ्यात कसंही करून प्रबंध संपवायचा, असं दिसेल त्याला सांगत असे. केंड्रिया येताना दिसली तसा त्याने नळ बारीक केला.

"मला माहितेय तू काय बोलणार आहेस. नको बोलूस."

"त्या मला उद्या बाहेरच्या कुरणावर पाठवतायत."

"मग? लाइफ जॅकेट घाल, होडीत बस. आज केलंस तेच करायचं."

"आज मी काही केलं नाही, टोबिन. मला हलताच येत नव्हतं."

त्याने सूट उलटा करून दोरीवर टाकला. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना धक्क्यावरून उडी मारून बोयापर्यंत पोहून दाखवायचं होतं. केंड्रियाने त्या सकाळी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. उद्या घेऊ, टोबिन म्हणाला. मग धुकं आलं, मग वारा, मग गवताची मोजणी मागे पडू लागली. शेवटी हॅस्केलबाईंनी विचारलं, तेव्हा झाली सगळ्यांची, असं त्याने सांगून टाकलं. केंड्रिया तिथेच उभी होती. तीही काही बोलली नव्हती.

"तुला पोहता येत नाही हे मला माहीत नव्हतं," टोबिन आवाज खाली आणून म्हणाला. "खरंच. मला वाटलं, थंडीला घाबरलीस. पण आता सांगितलंस तर काय होईल? तुला होडीवरून काढतील आणि मला केंद्रावरून. येसेनिया ठीक आहे. जेवली, हसली. मिटलंय."

"आणि उद्या?"

"उद्या मी तिच्या जवळून हलणार नाही. शब्द देतो."

नळ पुन्हा मोठा झाला. पाण्याच्या आवाजात पुढचं बोलता येण्यासारखं नव्हतं.

खोलीत येसेनिया पांघरुणात गुरफटून बसली होती. ती टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाची, नदीपलीकडे मेक्सिको दिसतो तिथली. खोलीत आल्या दिवसापासून तिने केंड्रियाचा ताबा घेतला होता. तिचे मोजे वापरायची आणि बदल्यात तिला बाजारचं सगळं आणून द्यायची. आज तिच्या ओठांचा रंग अजून परतला नव्हता.

"आईला सांगितलंस?" केंड्रियाने विचारलं.

"वेडी का काय! ती रात्रीची बस पकडून मला न्यायला येईल. येताना मामा, मावश्या, सगळी वरात." ती हसली आणि मग हसू थांबलं. "ए केन. उद्या बाहेरच्या कुरणावर तू येतेयस ना?"

"बाई म्हणाल्या तसं."

"बाईंचं सोड. तू होडीत असशील तरच मी उतरणार आहे. टोबिनला सांगून ठेवलंय मी. तू वर आहेस हे माहीत असलं की..." तिने वाक्य सोडून दिलं आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "तुला काय त्याचं, तुला पाणी म्हणजे खेळ असेल."

केंड्रियाने हातातल्या टॉवेलाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"आईचा फोन यायचाय," असं म्हणून ती बाहेर पडली.

फोन खरंच आला. मिसिसिपीत तिची आई मासे सोलायच्या कारखान्यात पाळी संपवून गाडीत बसली होती. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"काय गं, जेवलीस का? तिकडे मीठ तरी घालतात का जेवणात?"

"घालतात गं आई."

"रविवारी तुझं नाव वाचलं चर्चमध्ये. आमची पोर शास्त्रज्ञांच्या बरोबरीने काम करते म्हणून. डिकन प्रॉक्टरनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांना ऐकूसुद्धा येत नाही, पण सगळे उभे राहिले म्हणून तेही राहिले."

केंड्रियाला हसू आलं.

"त्या भिंगाच्या यंत्रावरच आहेस ना? पाण्याबिण्याजवळ नाही ना जात?"

केंड्रियाने समोर पाहिलं. खाडी आता पार आटली होती आणि चिखलात पक्षी चोची मारत होते.

तिच्या गावात एके काळी पोहायचा तलाव होता. तिच्या आजीसारख्या काळ्या पोरांनाही आत घ्यावं लागेल असा कोर्टाचा हुकूम आला, तेव्हा गावाने तो मातीने भरून टाकला. तिची आजी तेव्हा शाळेत होती. आज तिथे गाड्या उभ्या राहतात. आजीला पोहता आलं नाही, आईला आलं नाही, आणि ज्यांना येत नाही ते पोरांना एकच शिकवू शकतात, पाण्यापासून लांब राहा. घरात हे कुणी रागाने सांगत नसे. चुलीला हात लावू नकोस, म्हणावं तसं सांगत.

"यंत्रावरच आहे," केंड्रिया म्हणाली.

"मग झालं. माझ्या जिवाला तेवढीच शांती."

*

सकाळी धक्क्यावर टोबिन इंधनाची टाकी होडीत उतरवत होता. येसेनिया रबरी सूट कमरेपर्यंत चढवून, बाह्या लोंबत सोडून, फळीवर बसली होती. हॅस्केलबाई मोजणीच्या चौकटी हातात देत होत्या. समुद्र शांत होता आणि बाहेरच्या कुरणाच्या दिशेला धुक्याची एक पातळ पट्टी उरली होती.

केंड्रिया लाइफ जॅकेट हातात धरून आली. तिने ते घातलं नव्हतं.

"मॅम, मला पोहता येत नाही."

हॅस्केलबाईंनी चौकट खाली ठेवली. "म्हणजे फारसं चांगलं येत नाही?"

"मुळीच येत नाही. आयुष्यात कधी पाण्यात उतरलेच नाही."

"पण काल तू..."

"काल मला नियम आठवला नव्हता. मी घाबरले होते. उडी मारता येत नव्हती म्हणून दुसरं काहीतरी केलं."

येसेनिया फळीवरून उठून उभी राहिली. केंड्रियाने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"आणि चाचणी?" बाईंनी विचारलं.

केंड्रियाने जॅकेट छातीशी धरलं. ती नजर लाइफ जॅकेटच्या बंदांवर ठेवून उभी राहिली. होडी धक्क्याला घासून करकरली.

"तिची चाचणी झालीच नाही," खालून टोबिन म्हणाला. त्याच्या हातात अजून टाकी होती. "मी झाली म्हणून सांगितलं."

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"तुम्ही दोघांनी मिळून या पोरीला भरवशाविना पाण्यात सोडलंत. काल तो बोया तिच्या हाताला लागला नसता तर तिच्या आईला फोन करणारी मी असते. तू नाहीस, टोबिन. मी. ऑफिसात जाऊन बस."

टोबिनने टाकी अलगद खाली ठेवली, वर चढला आणि कुणाकडे न बघता गेला. बाई केंड्रियाकडे वळल्या.

"तू आधी का बोलली नाहीस? हिवाळ्यात मी स्वतः तुझ्याशी फोनवर बोलले होते."

"तुम्ही म्हणालात, इथे सगळं पाण्यातच असतं, चालेल ना? मी म्हटलं, येस मॅम." केंड्रियाने मान वर केली. "नाही म्हटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

बाईंनी खाली ठेवलेली चौकट उचलली. मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला घेतलं असतं."

धक्क्याखाली पाणी खांबांना लागत होतं.

"होडी आज जाणार नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्या एकटीचाच प्रश्न नाही हा. इतरांची चाचणी झाली असं मला कोणी सांगितलं? त्यानेच. मी स्वतः एकालाही पाहिलेलं नाही. तासाभराने सगळे मागच्या डोहावर या. सूट नको, पायांत पोहायचे रबरी पंखे नकोत. नुसते पोहायचे कपडे."

बाई गेल्यावर केंड्रियाने येसेनियाकडे पाहिलं. येसेनिया सूटची चेन वरखाली करत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"येसी, मी सांगायला हवं होतं तुला. काल रात्री तू बोललीस तेव्हाच."

"हो," येसेनिया म्हणाली. "सांगायला हवं होतंस." आणि सूटच्या बाह्या फरफटत निघून गेली.

*

केंद्रामागे, भरतीचं पाणी अडून राहतं तिथे एक डोह होता. उन्हाने त्याचं पाणी खाडीपेक्षा उबदार असे. एका बाजूला लाकडी फळ्यांचा छोटा धक्का आणि खोल पाणी. धक्क्याला लागूनच वाळूचा उतार, जिथे पाणी गुडघ्यापर्यंतही नव्हतं. उन्हाळी मुलं टॉवेल पांघरून रांगेत उभी होती. सगळ्यांना बातमी कळली होती. केंड्रियाशी कुणी बोललं नाही आणि तिच्या अगदी शेजारीही कुणी उभं राहिलं नाही. येसेनिया रांगेच्या दुसऱ्या टोकाला होती.

हॅस्केलबाईंच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ होतं.

"मी गोड बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला पोहता येत नाही तो यापुढे होडीवर जाणार नाही. त्याला काय काम देता येईल ते मला आत्ता माहीत नाही. शिफारसपत्रात काय लिहिता येईल तेही माहीत नाही. पण खोटं बोलून माझ्या पाण्यात यापुढे कुणी उतरायचं नाही. ज्यांना येतं ते फळ्यांवर थांबा. ज्यांना येत नाही ते आत्ताच बाजूच्या वाळूवर जा."

केंड्रियाला विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती निघाली. फळ्या तिच्या पावलांखाली वाजत होत्या आणि तेवढाच आवाज होता. वाळू ओली आणि गार होती. ती पाण्याच्या कडेला जाऊन फळ्यांकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे पाठीमागे उभ्या असलेल्यांचे चेहरे दिसायला नकोत.

समोर एक पक्षी पाण्यावर उतरला आणि पुन्हा उडाला. बाईंनी पहिलं नाव पुकारलं नाही. का थांबल्या असाव्यात, ते तिला कळेना.

मग मागे फळ्या वाजल्या. सावकाश, मध्येच थांबून, पुन्हा. वाळूवर पावलं आली आणि तिच्या शेजारी कुणीतरी उभं राहिलं. टॉवेलात दातांवर दात आपटत होते.

"त्या सूटमध्ये माणूस बुडत नाही," येसेनिया खाली पाण्याकडे बघत म्हणाली. "नुसतं पडून राहिलं तरी चालतं. पंखे हलवले की पुढे जातं. चाचणीसुद्धा मी तशीच दिली. मला वाटलं होतं, कुणाला काही कळणार नाही."

केंड्रियाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. काल बोयाला घट्ट मिठी मारलेले ते हात आता टॉवेलाची टोकं आवळून धरत होते.

"तू उतरत होतीस," केंड्रिया म्हणाली. "रोज."

"तू वर होतीस ना."

पाठीमागे फळ्या पुन्हा वाजल्या आणि ओहायोहून आलेला एक उंच, नेहमी सगळ्यांच्या पुढे असणारा मुलगा चपला हातात घेऊन खाली मान घालून आला आणि त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभा राहिला.

हॅस्केलबाई फळ्यांच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी वाळूवरच्या तिघांकडे पाहिलं, मग फळ्यांवर उरलेल्यांकडे, आणि पुन्हा वाळूकडे. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं, तिथेच फळीवर बसल्या आणि बुटांचे बंद सोडू लागल्या.